तीन सील गेली तेव्हा कुठं कळलं : आमची वाटचाल

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत २०११ ला भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडं एक व्हाइस, हायड्रॉलिक होजचं, म्हणजे दाबाचं ऑइल नेणाऱ्या नळ्यांना टोकाचे जोड दाबून बसवायचं, सेकंडहॅन्ड क्रिम्पिंग मशीन आणि मी धरून दोन माणसं, बस्स. नुसते होज मारून द्यायचो, निम्मी उधारी, ती वसूल करायला रविवार जायचा.

मग ऊसतोडणीची हार्वेस्टर मशिनं दारात यायला लागली आणि आम्ही मोटर, पंप उघडायला सुरवात केली. खरं सांगायचं तर अर्धवट माहितीवर. त्यातलीच एक पाचट उडवणाऱ्या पंख्याची, ऑइलच्या दाबावर फिरणारी पिस्टन मोटर. शाफ्टच्या सीलमधनं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्यातनं, ऑइल गळतंय म्हणून आली, आम्ही सील बदललं, पाठवली. सहा दिवसांनी ड्रायव्हरचा फोन, "ओ मालक, परत गळतंय की!" आम्हाला वाटलं सीलच डुप्लिकेट निघालं, दुसरं चांगल्या कंपनीचं टाकलं, शाफ्टला सीलची रेघ पडलीय का नखानं बघितलं, पॉलिश मारलं, फुकटात. ते पण गेलं. तिसरं तर चार दिवसात. हंगाम ऐन भरात, मशीन फडात उभं, मुकादम शिव्या देतोय आणि मालक म्हणतोय तुमच्या हातातच काहीतरी खोट आहे.

शेवटी मी पहाटेच फडात गेलो. पंख्यावरचं पाचट ऑइलनं चिकट झालेलं. ते पुसत पुसत मोटरच्या बारक्या होजच्या, म्हणजे ड्रेन लाइनच्या, मागं गेलो तर तो टाकीपर्यंत जातच नव्हता! कधीतरी फुटला असणार आणि कुणीतरी लांबी वाचवायला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून त्याला काम झालेलं ऑइल टाकीत परत नेणाऱ्या मोठ्या रिटर्न होजमध्येच जोडलेलं. ड्रेनला दाब मोजायचा गेज लावला, गार ऑइलवर मशीन चालू केलं, काटा ९ बारवर. ऑइल तापल्यावर ३ वर आला, म्हणजे दुपारी बघितलं असतं तर काही कळलंच नसतं.

झालं असं, की पिस्टनच्या फटीतनं थोडं ऑइल केसिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या कवचात, झिरपतंच, मोटर नवी असली तरी. त्याला बाहेर पडायला ही ड्रेन लाइन. ती रिटर्नला जोडली की रिटर्नचं प्रेशर केसिंगमध्ये उलटं येतं, त्यात फिल्टर चोंदलेला असला तर बघायलाच नको, आणि मग सगळ्यात कच्चं ठिकाण शाफ्टचं सील, ते फुटणार. आम्ही तीन वेळा तापाला पट्टी लावत बसलो होतो.

टी काढला. केसिंगच्या वरच्या पोर्टवरनं, म्हणजे केसिंग कायम ऑइलनं भरलेलं राहील अशा ठिकाणाहून, पोर्टच्याच साइजचा वेगळा होज सरळ टाकीत, तोंड ऑइलच्या पातळीखाली, नाहीतर फेस होतो. मोटर बसवताना केसिंगमध्ये हातानं ऑइल भरलं, ते विसरलं तर पहिल्या फिरकीलाच आतली बेरिंग कोरडी चालतात. चौथं सील हंगाम संपेपर्यंत टिकलं. त्या मालकानं पुढच्या वर्षी आणखी दोघांची मशिनं आणली, मागचे पैसे मात्र अजून थोडे बाकीच आहेत, असो.

त्यानंतर सील बदलायच्या आधी आम्ही ड्रेन बघतो. होज टाकीवरनं सोडायचा, बादलीत धरायचा, घड्याळ लावून लोडवर एक मिनिट. जास्त ऑइल आलं तर मोटर आतनं झिजलीय, सील बदलून भागणार नाही. हे ग्राहकाला डोळ्यासमोर दाखवलं की बिलावर घासाघीस कमी होते. २०१८ ला कर्ज काढून मोटर, पंप तपासायचा टेस्ट बेंच घेतला, आज सहा माणसं आहेत, तरी ती निळी बादली दारातच असते.

परवाच एकाचा फोन, मोटर गळतीय म्हणून. विचारलं, ड्रेनला काय लावलंय? म्हणला, काढाघालायला सोपं पडावं म्हणून क्विक कपलर. तो नीट बसला नाही की लाइन बंदच. म्हणलं दादा, आधी तो कपलर काढा, मग सीलचं बोलू.