कोणाकडून शिकलात?

सिंगापूरला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी ताई ची या संथ चिनी युद्धकलेचा आठ आठवड्यांचा एक वर्ग लावला. शिकवणारे गृहस्थ उत्साही होते. अंगात पांढरा रेशमी पोशाख, मागे वाहत्या पाण्याचं संगीत. ते स्वतः कोणाकडून शिकले, हे आम्हा पंधरा जणांपैकी एकानेही विचारलं नाही. सहाव्या आठवड्यात माझा उजवा गुडघा सुजला. सगळं वजन उजव्या पायावर ठेवायचं आणि पाऊल जागचं न हलवता मांडी आत वळवायची, असं आम्ही रोज करत होतो. गुडघा वाकण्यासाठी असतो, पिळण्यासाठी नाही, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं. ते खरं तर वर्गातच कळायला हवं होतं.

त्या चार महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीत एक गोष्ट मनाला लागून राहिली. मी कोल्हापूरची. आमच्या भागात मल्लाचं नाव विचारायच्या आधी तालीम कोणती आणि वस्ताद कोण हे विचारतात. गाण्यातही तेच. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते, त्यांच्याकडे केसरबाई आणि मोगूबाई शिकल्या, ही साखळी आमच्या घरी आजीलाही तोंडपाठ होती. अशा गावातून आलेल्या मला गुडघा कोणाच्या स्वाधीन करतो आहोत हे विचारावंसं का वाटलं नाही?

आमच्या इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा आहे, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात. पहाटे तिथे सात-आठ जण ताई ची करायचे. त्यात सातव्या मजल्यावरच्या आंटी होत्या. त्यांनीच मला त्यांच्या लाओशींकडे, म्हणजे बाईंकडे, नेलं. या वेळी मी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही कोणाकडून शिकलात?" बाईंना प्रश्न आवडला. त्यांनी आतल्या भिंतीवरचे तीन फोटो दाखवले. एक धिप्पाड, गोल चेहऱ्याचे यांग छंगफू. दुसरे लांब झगा आणि विरळ दाढीचे झंग मानछिंग. तिसरे ह्वांग शिंगश्येन, बाईंच्या गुरूंचे गुरू. मग म्हणाल्या, "नावं आत्ता ऐकून घे. अर्थ नंतर कळेल."

पहिले तीन महिने आम्ही फॉर्मला, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेला, हातच लावला नाही. फक्त ह्वांग यांनी बसवलेले अंग सैल करण्याचे पाच व्यायाम, आणि चालणं. एका पायावर पूर्ण वजन, दुसरा रिकामा, मग सावकाश वजन पलीकडे. गुडघा कायम पावलाच्या दिशेतच. पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यातलं वजन काढायचं. माझा गुडघा या एका नियमावर बरा झाला आणि आज सहा वर्षं झाली, परत दुखला नाही.

या सैलपणाला चिनी शब्द आहे 'सोंग'. त्याचं भाषांतर 'आराम' असं केलं की घोटाळा होतो. झोपाळ्यावर बसून येतो तो आराम वेगळा. सोंगमध्ये सांधे मोकळे होतात, पण शरीर ढासळत नाही. ओल्या धोतराचं एक टोक दांडीला अडकवलं की बाकीचं कसं सरळ खाली लोंबतं, तसं. जाता जाता आणखी एक गैरसमज सांगते, कारण तो मलाही होता. ताई चीमधला 'ची' म्हणजे प्राणशक्तीचा 'ची' नव्हे. ते वेगळं चिनी अक्षर आहे. 'ताईची' म्हणजे परमसीमा, यिन आणि यांग ही परस्परविरोधी पण पूरक तत्त्वं जिथून वेगळी होतात ती अवस्था.

फॉर्म ३७ स्थितींचा. तो अंगवळणी पडायला मला दीड वर्ष लागलं. त्यानंतरचं वर्ष फक्त दुरुस्त्यांचं होतं आणि परंपरेचा अर्थ मला त्या वर्षात कळू लागला. बाई मनगटाला एक बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "हे झंग यांचं." मनगट ना वाकलेलं, ना ताठ, हाताच्या पाठीची एकही शीर वर आलेली नाही. झंग त्याला सुंदर स्त्रीचा हात म्हणत. कंबरेला हात लावून म्हणायच्या, "हे यांग छंगफूंचं, हात स्वतःहून हलत नाही, कंबर त्याला नेते." शेवटी वजन तळपायात पोचतं का हे बघत म्हणायच्या, "हे ह्वांग यांचं." माझ्या अंगावरच जणू कोणाचं काय ते लिहिलं जात होतं.

मग मी इतिहास वाचायला घेतला. वूदांग पर्वतावरच्या झांग सानफंग या ताओ साधूने ही कला निर्माण केली, ही कथा सगळीकडे सांगतात. कथा म्हणून ती मला प्रिय आहे. पण १९३०च्या दशकात तांग हाओ हे इतिहासकार हनान प्रांतातल्या छनजियागोउ गावी गेले आणि तिथली कागदपत्रं पाहून त्यांनी मूळ १७व्या शतकातल्या छन वांगटिंग यांच्याकडे नेलं. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक त्याच गावाचं नाव घेतात. पुढे छन चांगशिंग यांनी यांग लुचान या बाहेरच्या माणसाला शिकवलं. यांग यांनी भिंतीच्या फटीतून चोरून पाहत विद्या घेतली, असंही सांगतात. एकलव्याच्या गावच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. यांग लुचान बीजिंगला गेले आणि तिथे मोठे झाले. यांग छंगफू त्यांचे नातू. उड्या आणि अचानक झटके काढून, सगळं मोठं, संथ आणि एका लयीत करण्याचं श्रेय त्यांना देतात. आज जगभरच्या बागांमध्ये दिसतं त्याचं रूप बहुतांशी त्यांच्याकडून आलेलं आहे.

झंग मानछिंग त्यांचे शिष्य. चित्र, सुलेखन, कविता, वैद्यक आणि ताई ची या पाचांत निपुण. तरुणपणी क्षयाने रक्त पडत होतं म्हणून ते ताई चीकडे वळले. यांग यांचा लांब फॉर्म अनेक जण १०८ स्थितींचा मोजतात. युद्धाच्या काळात हुनान प्रांतात थोड्या वेळात पुष्कळ लोकांना शिकवायचं होतं, तेव्हा झंग यांनी पुनरावृत्ती गाळून तो ३७वर आणला. पुढे ते तैवानला गेले आणि १९६४ साली न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी अमेरिकनांना शिकवायला सुरुवात केली. यांग शैलीतल्या अनेक जुन्या लोकांना ही काटछाट पटली नाही. हे वाचताना मला किशोरीताई आमोणकर आठवल्या. आईकडून, म्हणजे मोगूबाईंकडून, घेतलेली गायकी त्यांनी बदलली तेव्हा किती बोललं गेलं! पण जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव त्यांना सोडून घेता येतं का? मला झंग यांची बाजू पटते. त्यांनी पुनरावृत्ती सोडली, तत्त्व सोडलं नाही. माझ्यासारखी पोळ्या करून सातला वर्गाला पोचणारी बाई आज रोज पूर्ण फॉर्म करू शकते, ती त्यांच्यामुळे.

आणि ह्वांग! १९१०चा जन्म, फूजियानचे, मुळात श्वेत बगळा या कुंग फू शैलीचे जाणकार. तैवानला झंग यांच्याशी गाठ पडल्यावर स्वतःचं नाव असताना ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९५०च्या दशकात इकडे सिंगापूरला आले, नंतर मलेशियात स्थिरावले. १९७० साली सारावाकमधल्या कुचिंगला त्यांची ल्याओ ग्वांगछंग या तैवानी कुस्तीपटूशी निधीसाठी लढत झाली. साठाव्या वर्षी ह्वांग यांनी ती २६–० अशी जिंकली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा तालमीत वाढलेले. बराच वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "जोर न लावता?" मी म्हटलं, "समोरच्याचाच जोर." ते म्हणाले, "मग बरोबर आहे. वस्ताद हेच सांगायचे, आम्हाला जमलं नाही."

मला तरी कुठे जमत होतं? तिसऱ्या वर्षी थुईशौ सुरू झालं, म्हणजे दोघांनी मनगटं टेकवून एकमेकांचा तोल शोधायचा. बाईंच्या हाताला माझा हात लागला की ढकलायला काही सापडतच नसे आणि त्याच क्षणी माझी टाच उचललेली असे. मी चिडून जोर लावायचे, तोल आणखी जायचा. झंग यांचा एक आवडता शब्द आहे, 'चि ख्वेई', शब्दशः नुकसान खाणं. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या सहाध्यायांना तो समजावून द्यावा लागला. मला नाही लागला. आपण हार खातोच, मारही खातो. ती गिळायची, पचवायची, आणि प्रतिकार न करता आपला ताठरपणा नेमका कुठे आहे ते पाहायचं. एक वर्ष मी फक्त हार खाल्ली. माझा ताठरपणा उजव्या खांद्यात होता.

पाचव्या वर्षी नवशिक्यांना शिकवण्याची परीक्षा दिली. तीन ज्येष्ठांसमोर एकटीने फॉर्म, मग प्रश्न. मी परंपरेतली नावं धडाधड म्हटली. बाई म्हणाल्या, "नावं भिंतीवरही आहेत. प्रत्येकाने काय बदललं आणि काय ठेवलं ते सांग." मी सांगितलं, हात लावून दाखवत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मी?" मला त्यांची एकच गोष्ट आठवली. वयस्करांसाठी त्या बैठक दोन बोटं उंच ठेवतात आणि प्रत्येक वळणाआधी पाऊल मोकळं झालं का ते थांबून पाहतात. त्यांनी मान डोलावली.

महिन्याभराने चहाचा विधी झाला. लाल कागदावर माझं नाव, फोटोंना तीनदा नमस्कार, गुडघे टेकून दोन्ही हातांनी बाईंना चहा. गंडाबंधनच ते, धाग्याच्या जागी चहा. त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी लाओशी नाहीत, शिफू आहेत, ज्यात वडिलांचं अक्षर असतं. सातव्या मजल्यावरच्या आंटी माझ्या शिजिये झाल्या, गुरुभगिनी. गुरूंचे गुरू ते शिगोंग, जणू आजोबाच; ह्वांग त्यांच्याही वरचे. माझ्या खऱ्या आजोबांच्या वस्तादांचं नाव मला ठाऊक नव्हतं, ते मी त्याच आठवड्यात बाबांकडून विचारून वहीत लिहून ठेवलं.

आता मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला नवशिक्यांची तुकडी माझ्याकडे असते. पाच व्यायाम, चालणं आणि फॉर्मचा पहिला तिसरा भाग एवढंच. कोणी पहिल्या दिवशी विचारलं नाही, तर मी स्वतःच सांगते की मी कोणाकडून शिकले आणि माझे गुरू कोणाकडून. थुईशौ शिकवायची परवानगी मला अजून नाही. शिफू म्हणतात खांदा अजून बोलतो, आणि त्यांचं बरोबर आहे.