गाडी सुरू होईना, आणि दोष बॅटरीचा नव्हता

गाडी सुरू झाली नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. आमच्याकडेही तेच झालं. रत्नागिरीतला जुलै महिना, दहा वर्षांची पेट्रोल गाडी, आणि किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्ट’. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जागची हलायला तयार नाही. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायचं होतं, तारीख ठरलेली होती. बॅटरीवाल्याला फोन केला तर त्याने गाडी न बघताच सांगितलं, “ताई, बॅटरी गेली. नवीन टाकून घ्या.”

मला ते पटेना. बॅटरी जेमतेम वर्षाची होती. शिवाय गाडी जो आवाज करत होती तो उतरलेल्या बॅटरीचा नव्हता. बॅटरी उतरली असेल तर किल्ली फिरवताना डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, पुष्कळदा ‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज येतो. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, असं असेल तर पेट्रोल पंप, प्लग, सेन्सर यांच्याकडे बघायचं. आमच्या गाडीत एकच ‘कट्ट’ व्हायचं आणि किल्ली धरून ठेवली तरी दिवे तसेच लख्ख. हॉर्न खणखणीत. किल्लीच्या चिन्हाचा दिवाही नेहमीसारखा विझत होता, म्हणजे इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) अडवलेलं नव्हतं.

ते लख्ख दिवेच मला खटकत होते. लहान गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढतो. एवढा करंट गेला तर बॅटरीचा व्होल्टेज खाली यायलाच हवा आणि दिवे थोडे तरी मंदावायलाच हवेत. मंदावत नाहीत, याचा अर्थ करंट पुरेसा जातच नाही, वाटेत कुठेतरी अडतोय.

शेजारचे काका त्यांची गाडी आणि जंपर केबल घेऊन आले. त्यांनी लाल चिमटे दोन्ही प्लसवर लावले, काळे दोन्ही मायनसवर. पुन्हा ‘कट्ट’. काका म्हणाले, “अगं, सेल्फच गेला असणार. टोइंगवाल्याला बोलाव.” खरं तर शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर लावायचाच नसतो, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावायचा असतो. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि त्याच्याजवळ ठिणगी उडू नये, म्हणून ही पद्धत. मी तो चिमटा काढून इंजिनावरच्या एका जाड बोल्टला लावायला सांगितला. किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

बॅटरी तीच, सेल्फ तोच, काकांची गाडी तीच. बदलली ती फक्त परतीची वाट. करंट बॅटरीच्या प्लसकडून जाड वायरीने सेल्फमध्ये जातो, सेल्फच्या अंगातून इंजिनात उतरतो आणि इंजिनाकडून अर्थिंगच्या केबलने मायनसला परत येतो. चिमटा इंजिनावर लावला तेव्हा आमच्या गाडीची अर्थिंग केबल वगळली गेली आणि काम झालं. प्लसच्या वायरीकडे सगळे बघतात, या केबलकडे सहसा कुणी बघत नाही.

तरी मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही असं ठरवलं होतं. मल्टिमीटर लावला, तर गाडी चालू असताना बॅटरीवर चौदाऐवजी 13.1 व्होल्टच दिसत होते. म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा करंटही त्याच अरुंद वाटेने येत होता आणि बॅटरीला पूर्ण चार्ज मिळत नव्हता. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून पुन्हा मीटर लावला, 20 व्होल्ट डीसीवर. बंद गाडीत बॅटरी 12.5. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6च्या आसपास असते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, त्यामुळे ही ठीकच होती. मग काकांना किल्ली धरून ठेवायला सांगितलं. बॅटरी 11.6. प्लसपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत 0.3. आणि मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनावर धरली, तर 5.8 व्होल्ट! तिथे फार तर 0.2 दिसायला हवेत. निम्मा व्होल्टेज त्या केबलमध्येच खर्च होत होता आणि सेल्फच्या वाट्याला साडेपाचच उरत होते.

याच केबलवर मी आधी बीपची चाचणी (वायर सलग असेल तर मीटर वाजतो ती) घेतली होती, आणि मीटर छान वाजला होता. ही चाचणी इथे फसवते. बीपसाठी मीटर अगदी मिलिअँपिअरमधला करंट सोडतो, त्याला तांब्याच्या दोन-चार तारा शाबूत असल्या तरी पुरतात. 0.05 ओहमचा अडथळा साध्या मीटरवर नीट दिसतसुद्धा नाही. पण त्यातून 120 अँपिअर न्यायचे म्हटलं तर 6 व्होल्ट तिथेच जातात. म्हणून अर्थिंग तपासायची ती सेल्फ मारत असतानाच.

केबल काढताना आधी मायनसचं टर्मिनल सोडवलं, दहा नंबरच्या पान्याने. प्लस आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. केबलचं बॅटरीकडचं टोक स्वच्छ होतं. गिअरबॉक्सकडचं टोक बॅटरीच्या ट्रेखाली, चिखल उडतो तिथे. वरचं काळं आवरण धडधाकट, पण वाकवल्यावर आतून करकर आवाज आला. आवरण कापलं तर तारांच्या जागी हिरवी-काळी भुकटी, मोजक्या तारा तेवढ्या लाल उरलेल्या. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत पाणी थिंबलपाशी, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, शिरतं आणि तारांच्या फटींतून वर वर चढत जातं. बाहेरून काही कळत नाही.

ऑटो इलेक्ट्रिशियनने तीच लांबी धरून 25 चौरस मिलिमीटरची नवीन केबल बनवून दिली. थिंबल नीट दाबून बसवली आणि सांध्यावर आकसणारी स्लीव्ह चढवली, म्हणजे पाणी आत जाणार नाही. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. “ताई, अर्थिंग गेली की करंट दुसरी वाट शोधतो. गिअरच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल हाताला चटका देते, कधी जळतेसुद्धा.” मग बॉडीकडे जाणारी दुसरी अर्थिंगही त्यांच्याकडून बदलून घेतली, कारण तिचंही वय तेवढंच.

आता सेल्फ मारताना बॅटरी 10.9पर्यंत उतरते. आकडा आधीपेक्षा कमी, आणि तेच बरोबर आहे, कारण आता करंट खरोखर जातोय. मायनस ते इंजिन 0.1. गाडी चालू असताना 14.1, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून 13.8.

मीटर नसला तरी हा दोष ओळखता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकच काळी जंपर केबल घ्या. तिचा एक चिमटा आधी स्वतःच्याच बॅटरीच्या मायनसवर लावा आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर, पंखा आणि बेल्टपासून लांब. मग किल्ली फिरवा. सेल्फ फिरला, तर बॅटरीच्या दुकानात जायची गरज नाही, अर्थिंगची केबल काढून बघा.