उजनीचं पाणी उतरलं त्या रात्री

मे महिना, उजनी धरण मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे वापरायचा साठा संपलेला, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं आणि ते बघायला काठावर ही गर्दी. आमचं काम, गाळातून सुटणारा मिथेन वायू मोजायचं, मात्र तिथून बरंच लांब, फुगवट्याच्या टोकाला, जिथे कमरेएवढं पाणी आणि खाली काळा गाळ. आदल्या संध्याकाळी तिथे सहा नरसाळी पाण्यात उलटी लावली होती, प्रत्येकावर १०० मिलीची पाण्याने भरलेली बाटली पालथी, बाजूला थर्माकोल बांधलेला. गाळातून सुटलेला बुडबुडा नरसाळ्यातून बाटलीत चढतो आणि तेवढं पाणी खाली ढकलतो, म्हणजे किती गॅस जमला ते सकाळी सरळ दिसतं. एरवी रात्रभरात दोन बोटं गॅस मिळाला तरी मी खूश असायचे.

सकाळी सहाला होडीतून गेलो. पहिल्या बाटलीत पाणीच नाही! मला वाटलं जोड लीक झाला, संध्याकाळी घाईत नीट बसवला नसणार, स्वतःवर जाम चिडले. दुसरी तशीच, तिसरीपण. मग वाकून बघितलं तर नरसाळ्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर सांडत होते, एकामागून एक, बाटली भरून वर अख्खं नरसाळं भरलेलं.

होडीवाले मामा म्हणाले, "मॅडम, पानी उतरलं की हितं गाळ खदखदतोच. आमी हितं जाळं टाकत न्हाय, चिलापीबी थांबत न्हाय." आणि बांबू गाळात खुपसला, तर होडीभोवती उकळी फुटल्यासारखं झालं. १७७६ साली व्होल्टाने इटलीच्या माज्जोरे तलावाचा तळ असाच काठीने ढवळून मिथेन बाटलीत धरला होता, पण मामांना ते कुणी सांगायची गरजच नव्हती.

चिलापी मासा का थांबत नाही तेही लगेच कळलं. जलपर्णीखालचं पाणी ३०० मिलीच्या बाटलीत घेऊन पाण्यातला ऑक्सिजन तपासायची विंकलरची दोन्ही रसायनं टाकली, ऑक्सिजन असला की खाली बसणारा साका तपकिरी येतो, इथे दुधासारखा पांढरा आला, म्हणजे ऑक्सिजन जवळपास शून्य. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून इथे येतं, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते, मरून तळाला बसते आणि हवेविना कुजून तिचा मिथेन होतो. खोल पाण्यात हळूहळू विरघळत वर येणारा बराच मिथेन वाटेत जीवाणूच खाऊन टाकतात, बुडबुडा मात्र उथळ पाण्यातून काही सेकंदात वर, त्याला अडवणारं कुणी नाही. त्यात पाणी उतरलं की गाळावरचा दाब कमी होतो, अडकलेला गॅस फुगतो आणि सुटतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, त्यामुळे अशी एक रात्र हिशोबातून सुटली तर वर्षाची बेरीजच चुकते, आणि मला खरंच रडू येत होतं कारण ती रात्र माझ्या हातातून सुटली होती. सांडलेला गॅस मोजणार कसा? वहीत सहाही नरसाळ्यांपुढे "किमान १००" लिहिलं.

आठ दिवसांनी लिटरच्या बाटल्या घेऊन परत गेले तर पाणी पार मागे सरकलेलं, आमचे बांबू कोरड्यात उभे. गाळाला हाताएवढ्या भेगा, आता त्यात हवा शिरून गाळात उरलेल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होऊन जाणार. मामा म्हणाले, "आता हितं गाळपेर करतील." मी एका भेगेत हात घातला, आत अजून ओलं होतं, आणि तोच कुजका वास.