पाच सोंडांचा गणपती

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात व्हायचं. वर्गातली बाकं जोडून, पाय सुतळीने बांधून वर सतरंजी अंथरली की झाला रंगमंच. दोन बाकांच्या फटीत हमखास पाय जायचा, म्हणून तिथे खडूने फुली मारलेली असे.

कार्यक्रम दर वर्षी वेगळे, सुरुवात मात्र ठरलेली. शिपाईमामा कडेला नारळ वाढवायचे, चित्रकलेच्या बाई नटराजाला हार घालायच्या, धुपाने सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे, आणि तिसरी घंटा झाली की पडद्याआड उभे राहून आम्ही नांदी म्हणायचो. ‘पंचतुंड नररुंडमालधर’. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मधली, १८८० सालची. साल तेव्हा कुणाला ठाऊक होतं! ‘वक्रतुंड’ पाठ असल्यामुळे पंचतुंड म्हणजे पाच सोंडांचा गणपती, असं आम्ही पाचवीतली पोरं धरून चाललो होतो. ‘‘अरे गाढवांनो, शंकर तो, पाच तोंडांचा!’’ असं गाण्याच्या सरांनी सांगूनही माझ्या डोळ्यांसमोरून गणपती काही हलेना.

एका वर्षी पडद्याची दोरी कप्पीत अडकली. नांदी संपली तेव्हा पडदा गुडघ्याएवढा वर जाऊन थांबलेला. लोकांना नुसते आमचे पाय दिसत होते, अनवाणी, एकमेकांना ढोसणारे. पेटीवरच्या सरांनी मान न वळवता पुन्हा पहिला सूर धरला. अशी तीनदा म्हटली.

पुढे कॉलेजात भरतमुनींचं नाट्यशास्त्र चाळताना पूर्वरंगाचं वर्णन वाचलं. वाद्यं जुळवायची, रंगदेवतांना वंदन करायचं, नांदी म्हणायची, मग नाटक. कालिदासाच्या शाकुंतलातही आधी नांदी, मग सूत्रधार. वाचताना मला शिपाईमामाच दिसत होते. भरतमुनींचं नाव त्यांनी ऐकलं असेल-नसेल, पण नारळ एका फटक्यात फुटला नाही तर दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. गुप्तकाळाची घोकलेली पानं मी केव्हाच विसरलो. नांदी मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणेन. (चाल थोडी चुकेल.)

गेल्या वर्षी भाचीच्या संमेलनाला गेलो. भाड्याचं स्टेज, मागे एलईडीचा भलामोठा पडदा आणि नांदीला साथ मोबाइलवरच्या ट्रॅकची. ते जरा खटकलंच. मुलींनी सूर मात्र झकास लावला. घरी येताना गाडीवर मागून भाचीने विचारलं, ‘‘मामा, पंचतुंड म्हणजे पाच सोंडा ना रे?’’