डेक्साचा एकच कागद

आईची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणं, पंधरा मिनिटांत उरकलं. सुई नाही, दुखणं नाही. अहवालाच्या खिडकीवर मात्र तीन फेऱ्या झाल्या, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

पहिल्या फेरीत हातात एकच कागद पडला. कण्याचा सरासरी टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा, उणे १.४, खाली शेरा 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडं थोडी विरळ. वय ७१. या वयात नुसत्या कण्याच्या आकड्यावर विसंबायचंच नाही. मणके झिजून त्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढलेली असतात, समोरच्या महाधमनीत चुना साचलेला असतो, आणि यंत्र ते सगळं हाड म्हणूनच मोजतं. दबून चपटा झालेला मणकाही कमी जागेत हाड कोंबल्यामुळे घट्ट दिसतो. पाठ जितकी खराब, तितका आकडा गोंडस!

खुब्यात अशी फसगत कमी होते. म्हणून कणा, पूर्ण खुबा आणि मांडीच्या हाडाची मान यांतला सर्वांत खालचा आकडा निदानासाठी धरतात. उणे १ पर्यंत ठीक, त्याखाली ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा आणखी खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार.

"खुब्याचं पान?" "पॅकेजमध्ये कणाच येतो." डॉक्टरांच्या चिठ्ठीत दोन्ही स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ती वाचली कुणी? पुन्हा पैसे, पुन्हा रिक्षा. मांडीच्या हाडाच्या मानेचा आकडा निघाला उणे २.८. पहिल्याच कागदावर थांबलो असतो तर औषध सुरूच झालं नसतं.

तिसरी फेरी चित्रांसाठी. एल-१ ते एल-४ या कमरेच्या चारही मणक्यांचे आकडे वेगवेगळे छापून हवेत. एखादा शेजारच्यापेक्षा १ हून जास्त फरकाने वेगळा असेल तर तो वगळून हिशोब करतात, मात्र किमान दोन मणके उरायला हवेत. आमच्या अहवालात एल-४ एकटाच वर होता आणि त्यानेच सरासरी चढवली होती. खुब्याच्या चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा ठळक बाहेर दिसला, तर पाय पुरेसा आत वळवलेला नव्हता असं समजा. हे सगळं मिळणार का, ते पैसे भरायच्या आधी विचारा.

उंची तोंडी सांगू नका, तिथेच मोजून घ्या. तरुणपणापेक्षा ४ सेंमी कमी भरली तर कण्याचा बाजूने एक्स-रे काढायला हवा. मोठा मार न लागता दबलेला मणका सापडला, आणि त्यामागे दुसरा आजार नसला, तर टी-स्कोअर कितीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच.

आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद. नुकताच बेरियम पिऊन एक्स-रे किंवा रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर दोन आठवडे थांबा. निऱ्यांची सेफ्टी पिन, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, पोटापर्यंत येणारं लांब मंगळसूत्र हे सगळं घरीच ठेवलेलं बरं. शिबिरात टाचेला लावून करतात ती तपासणी फक्त चाळणी आहे, तिच्यावरून गोळ्या सुरू करू नयेत.

आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिग्रॅ अ‍ॅलेंड्रोनेट ही ऑस्टिओपोरोसिसची गोळी सुरू झाली तर सकाळचा चहा अर्धा तास लांबवावा लागतो. उठल्यावर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढची ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी जळजळते. दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर ती अंगी लागतच नाही. गिळायला त्रास असेल, मूत्रपिंड अधू असेल किंवा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि हो, पुढची डेक्सा त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना जमत नाही. म्हणजे आम्हाला पुन्हा त्याच खिडकीवर जायचंय.