द लायन किंग, मेगा ड्राइव्ह: रिवाइंडशिवाय आठ लेव्हल पार

'बी प्रिपेअर्ड' ही आठवी लेव्हल अखेर सुटली. दहापैकी आता दोनच लेव्हल उरल्या: 'सिम्बाज रिटर्न' आणि 'प्राइड रॉक'. नव्याने वाचणाऱ्यांसाठी अटी पुन्हा सांगतो. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरची १९९४ची आवृत्ती, रिवाइंड (चुकलं की खेळ मागे नेण्याची सोय) नाही, सेव्ह स्टेट (हव्या त्या क्षणी खेळ जतन करणं) नाही. डिजिटल इक्लिप्सच्या २०१९च्या संग्रहात रिवाइंड आहे, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने ते खुशाल वापरावं. पण मूळ कार्ट्रिजमध्ये सेव्हची सोय नव्हती आणि पासवर्डही नव्हता. लाइफ आणि कंटिन्यू संपले की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. गेम त्याच हिशोबाने बांधलाय, म्हणून मीही तसाच खेळतोय.

या वेळी सगळ्यात जास्त शिकवलं ते डरकाळीच्या मीटरने. छोट्या सिम्बाची डरकाळी फुकट नाही. एकदा फोडली की मीटर रिकामा होतो आणि सावकाश भरतो, आणि अर्ध्या मीटरवर मारलेली डरकाळी वाया जाते. साळिंदर समोर आलं की आधी डरकाळीने उलथं पाडायचं, मगच त्याच्यावर उडी घ्यायची. म्हणजे मीटर भरेपर्यंत जागेवर थांबावं लागतं. धावत सुटण्याची सवय असलेल्या हाताला हे थांबणं जड जातं. पहिल्या लेव्हलच्या शेवटची तरसीणही हेच शिकवते: तिला झेपा टाकू द्यायच्या, ती धापा टाकायला लागली की आपली पाळी.

हे अंगवळणी पडलं की दुसऱ्या लेव्हलची माकडं वेगळी दिसू लागतात. 'कान्ट वेट टु बी किंग' या लेव्हलवर आपल्यातल्या कितीतरी जणांचा गेम कायमचा थांबलाय. गुलाबी माकडं सिम्बाला पकडून एकमेकांकडे भिरकावतात, आणि डरकाळी फोडली की माकड तोंड फिरवतं. आता मी उडी मारण्याआधी खाली उभा राहून माकडांची तोंडं पाहतो आणि अख्खी साखळी नजरेने वाचतो. कोणाला फिरवायचं ते ठरवतो, मीटर भरू देतो, मगच वर जातो. कोडं अवघड आहे, पण अन्यायी नाही. ते इतकं लवकर का येतं, याचं कारण गेम बनवणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओजचे लुई कॅसल यांनीच नंतर सांगितलंय: अमेरिकेत तेव्हा गेम भाड्याने मिळायचे, आणि भाड्याच्या मुदतीत कोणी फार पुढे जाऊ नये अशी डिस्नेची इच्छा होती. भारतात पिवळ्या कार्ट्रिजवर वाढलेल्या आपल्या पिढीला या भाड्याच्या दुकानांशी काही देणंघेणं नव्हतं, तरी भिंत तीच लागली.

याच लेव्हलमधली शहामृगाची स्वारी मात्र निव्वळ पाठांतर आहे. कुठे वाकायचं, कुठे उडी, कुठे दुहेरी उडी, एवढं तोंडपाठ करा.

'स्टँपीड' या लेव्हलमध्ये सिम्बा पडद्याकडे तोंड करून आपल्या दिशेने धावतो आणि मागून वाइल्डबीस्टचा लोंढा येतो. मेगा ड्राइव्हसारख्या १६-बिट कन्सोलवर हे किती अवघड काम असेल! डिस्नेच्या अॅनिमेटरांनी हाताने काढलेल्या चित्रांवरून हे स्प्राइट (पडद्यावर हलणारी पात्रांची चित्रं) बनले, आणि सिम्बा कड्याला लोंबकळताना मागचे पाय हलवतो तेव्हा त्याचं मोल कळतं. रंगांत सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या कन्सोलची आवृत्ती सरस आहे, तिचं संगीतही सिनेमाच्या जास्त जवळचं वाटतं. तरी मेगा ड्राइव्हच्या यामाहा चिपचा तो करकरीत आवाज मला प्रिय आहे. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

'हकुना मटाटा'मधला धबधबा अजूनही घाम काढतो. कोसळणाऱ्या ओंडक्यांवरून वर चढताना डोळा खालच्या ओंडक्यावर न ठेवता पुढच्यावर ठेवा. तिथून पुढे सिम्बा मोठा होतो आणि हातात पंजा येतो, पण नुसते पंजे चालवून भागत नाही. शत्रूला धरून फेकण्याचा डाव आत्ताच घोटून घ्या. मी सातव्या लेव्हलमधल्या बिबट्यांवर तो मुद्दाम घोटतोय, कारण 'प्राइड रॉक'वर खलनायक स्कारशी शेवटची गाठ पडते तेव्हा पंज्यांनी तो संपत नाही. त्याला कड्याच्या काठाशी आणून खाली फेकावाच लागतो.

त्याआधी 'सिम्बाज रिटर्न'मधल्या गुहांचा चक्रव्यूह आहे. कुठल्या तोंडातून शिरलं की कुठे निघतं, हे मी वहीत काढायला घेतलंय. अर्धा नकाशा झालाय. पूर्ण झाला की पुढच्या नोंदीत इथेच देतो, स्कारचं काय झालं त्यासकट.