तुम्ही विचारलंत म्हणून: बांदोल कधी उघडायची?

फ्रान्सहून कुणी आलं की सामानात एखादी बाटली असतेच, आणि ती घरी पोचली की मला विचारणा होते: ‘ही किती वर्षं ठेवायची? जितकी जुनी तितकी चांगली, हो ना? आणि मटणाबरोबर चालेल का?’ नोकरीनिमित्त मी दक्षिण फ्रान्समधल्या तूलों शहराजवळ राहिलो, तिथल्या द्राक्षमळ्यांतून भरपूर हिंडलो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत उत्तर सोपं असतं. आणलीत ना, मग पिऊन टाका. जगातली बरीचशी रेड वाइन दोन-तीन वर्षांत प्यावी अशाच बेतानं केलेली असते. ती ठेवून सुधारत नाही, हळूहळू निस्तेज होते. पण लेबलवर ‘बांदोल’ लिहिलेलं असेल आणि आतली वाइन लाल असेल, तर मात्र थांबा.

बांदोल हे मार्सेय आणि तूलों यांच्या मधलं भूमध्य समुद्रावरचं छोटं बंदर. द्राक्षं खुद्द गावात फारशी नाहीत, ती मागच्या डोंगरउतारांवर आहेत: ल कास्तले, ला कादियेर दाझ्युर, ल बोसे या गावांभोवती. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आहेत, त्यांना तिथे ‘रेस्तांक’ म्हणतात. वर्षाला सुमारे 3000 तास ऊन, उत्तरेकडून येणारा कोरडा मिस्त्राल वारा आणि समोरून समुद्राची हवा. मिस्त्राल सुटला की दोन दिवस डोकं भणभणतं, पण पावसानंतर घड सुकवून रोगापासून वाचवतो तोच. द्राक्षाची जात मूर्वेद्र. ‘मूर्वेद्रला तोंड उन्हात आणि पाय पाण्यात हवेत,’ असं तिथले शेतकरी म्हणतात. ही जात अगदी उशिरा पिकते, म्हणून थोड्या थंड मुलखात ती हिरवट राहते. इथे मात्र ती पुरती पिकते.

एकेकाळी ती इथूनही जवळजवळ गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्समधले मळे मुळापासून खाल्ले. नवी लागवड करताना लोकांनी भरघोस पीक देणाऱ्या जाती निवडल्या. कमी पीक देणारी, हट्टी मूर्वेद्र कुणालाच नको होती. ती परत आणण्यात ल्युसिएँ पेरो या माणसाचा फार मोठा वाटा आहे. त्यांची पत्नी ल्युसी, जिला सगळे ल्युल्यु म्हणत, तिच्या माहेरचा ‘दोमेन तांपिए’ हा मळा 1940 साली या जोडप्याकडे आला. 1941 मध्ये बांदोलला स्वतंत्र मानांकन मिळालं, आणि पुढे नियमातला मूर्वेद्रचा वाटा टप्प्याटप्प्यानं वाढत गेला. आज रेड बांदोलमध्ये मूर्वेद्र निम्मी तरी असावीच लागते, द्राक्षं हातानंच खुडावी लागतात आणि वाइन बाटलीत भरण्याआधी किमान 18 महिने लाकडात राहावी लागते. ल्युल्यु पेरो 2020 मध्ये वारल्या, वयाच्या 102व्या वर्षी. त्यांच्या स्वयंपाकघराची कीर्ती त्यांच्या वाइनइतकीच होती, आणि मला त्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

आता मुरण्याचं. मूर्वेद्रची साल जाड, त्यामुळे वाइनमध्ये टॅनिन भरपूर उतरतं. जांभळं खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आवळून येतात, तसा तो तुरटपणा. वर्षांगणिक टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्याशी जोडले जातात, काही जड होऊन गाळ बनून तळाशी बसतात, आणि तोंडातला खरखरीतपणा ओसरतो. पण नुसतं टॅनिन असून भागत नाही. ग्रनाश या शेजारच्या जातीची वाइन हवेनं लवकर उतरते. मूर्वेद्र उलट स्वभावाची, हवेला चांगलीच दाद न देणारी. म्हणूनच ती इतका काळ टिकते, आणि म्हणूनच तिला तिथे मोठाल्या जुन्या लाकडी पिंपांत ठेवतात. एवढ्या मोठ्या पिंपातून हवा बेतानंच मिळते आणि लाकडाचा वास वाइनवर चढत नाही. नव्या छोट्या पिंपांचा व्हॅनिलासारखा वास बांदोलला मुळीच शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरुण बांदोल ग्लासात ओतली की रंग जवळजवळ काळा. नाकाला आधी फळ लागतच नाही. ओल्या चामड्यासारखा, थोडा शिकारीच्या मांसासारखा वास येतो, आणि पहिल्यांदा पिणारे चपापतात. वाइन खराब नसते. थोडा वेळ द्या, ग्लास हळूच फिरवत राहा. मग ब्लॅकबेरी, काळी मिरी, तमालपत्र आणि उन्हात तापलेल्या रानथाइमचा, म्हणजे ओव्यासारख्या वासाच्या एका रानझुडपाचा, वास वर येतो. हा शेवटचा वास त्या टेकड्यांवर उन्हाळ्यात चालताना खरोखर येतो, पायाखाली झुडपं चुरगळली की. काही जुन्या पद्धतीच्या बाटल्यांत गोठ्यासारखा उग्र वास असतो, तो बराचसा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. किंचित असला तर मला आवडतो, फळ झाकून टाकण्याइतका असला तर तो दोषच.

तीन-चार वर्षांनंतर ही वाइन बऱ्याचदा मिटून जाते. फळ मागे सरलेलं, टॅनिन अजून ताठ. या काळात उघडली तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. आठ-दहा वर्षांनी ती पुन्हा बोलू लागते आणि चांगल्या सालाची, चांगल्या मळ्याची असेल तर वीस वर्षंही सहज जाते. काळा रंग विटकरी होतो. फळ सुकं, अंजिरासारखं. जंगलातला ओला पाला, कातडं, कधी ट्रफलची (जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी अळंबीची) आठवण करून देणारा मातकट सुगंध. तुरटपणा असतो, पण मऊ. अशी बाटली मी जेव्हा जेव्हा प्यायलो, तेव्हा टेबलावरचं बोलणं आपोआप कमी झालं.

पण हे सगळं 12 ते 14 अंशांच्या, अंधाऱ्या, दमट तळघरात घडतं. पुण्यात किंवा नागपुरात कपाटात ठेवलेल्या बाटलीत घडत नाही. उन्हाळ्यात घरातला पारा 30च्या वर जातो, तेव्हा आतल्या रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगानं होतात, आणि नको त्याही होतात. शिजवलेल्या जॅमसारखी चव येते. वाइन फुगून बूच वर ढकलते, रात्री आकसते तेव्हा हवा आत शिरते. म्हणून मी स्पष्टच सांगतो: वाइनसाठीचा वेगळा फ्रीज नसेल तर दहा वर्षांचे बेत करू नका. बाटली घरच्या फ्रीजच्या तळाशी आडवी ठेवा आणि काही महिन्यांत, मुलं-भावंडं जमतील अशा दिवशी उघडा. तरुण असेल तर दोन-तीन तास आधी एखाद्या रुंद काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. हवेनं ती बरीच मोकळी होते. जुनी असेल तर उलट करायचं. आदल्या दिवसापासून उभी ठेवायची, गाळ हलू न देता सावकाश ओतायची आणि लगेच प्यायची, कारण तिचा सुगंध फार काळ थांबत नाही. प्यायचं तापमान 16 ते 18 अंश. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हे आपल्या खोल्यांना लागू नाही.

राहिलं जेवण. प्रोव्हान्समध्ये, म्हणजे बांदोल ज्या प्रांतात आहे तिथे, हिच्याबरोबर दोब करतात: गोमांसाचे मोठे तुकडे रेड वाइन, लसूण, थाइम, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीत मुरवून तासन् तास मंद आचेवर. किंवा लसूण खोचून भाजलेली कोकराची तंगडी. मांसातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून तेवढं तुरट लागत नाही, आणि चरबीनं जड झालेली जीभ वाइनच्या घोटानं साफ होते. दोन्ही बाजूंनी फायदा.

मग तांबडा रस्सा? नको. मिरचीच्या जळजळीत टॅनिन आणि 14 टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल आगीत तेल ओततात. रश्शाचीही चव जाते आणि वाइनचीही. पण त्याच कोल्हापुरी चुलीवर तिखट पडण्याआधीचं अळणी मटण असतं ना, आलं-लसूण, हळद, मीठ एवढ्यावर शिजलेलं, ते बांदोलबरोबर अप्रतिम लागतं. त्यावर भरडलेली काळी मिरी आणि चमचाभर तूप. तुकडे चरबीचे, हाडाजवळचे घ्या, चरबी नसलेल्या मांसाला ही वाइन जड होते. मटण न खाणाऱ्यांनी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत करावं, हिरवी मिरची अगदी नावाला, शेंगदाण्याचं तेल सढळ. वांगं प्रोव्हान्समध्येही रोजचंच, आणि धुराचा वास मूर्वेद्रला मनापासून मानवतो. दही घालू नका, त्याच्या आंबटपणानं टॅनिन कडवट लागतं.